खांबावरचे दोडके

देवळीच्या बसथांब्यावर एक म्हातारी बाई रोज दोडके विकायला बसायची. गिऱ्हाईक असो वा नसो, ओल्या फडक्याने ती एकेक दोडका पुसत राहायची. एकदा मी तिला पेपरातली बातमी मोठ्या उत्साहाने वाचून दाखवली: तारेशिवाय, थेट हवेतून वीज पाठवण्याचे प्रयोग जमू लागलेत.

"त्यात नवं काय हाय, बाबू?" ती म्हणाली. "माह्या वावरात दोन वर्सांपासून बिना तारेचेच खांब उभे हायेत. वीज तेवढी यायची राह्यली."

विहिरीवरची मोटर तिने गोणपाटात गुंडाळून ठेवली होती आणि सगळा मळा ती बादलीने पाणी शेंदून जगवत होती. मी हसलो. ती हसली नाही.

"हे आमच्या वीज हापिसातल्या सायबाले सांगू नोको. नाई तं म्हणन, थांब बाई, आता तार लागतच नाई."

विज्ञानाच्या बाजूने मी कुणाशीही भांडतो. त्या दिवशी मात्र पेपराची घडी घालून खिशात ठेवली.

बस आली, तसे तिने माझ्या पिशवीत दोन दोडके टाकले.

"घे, वेल खांबावरच चढवला हाय. अजून तं खांबावरून एवढंच उतरलं."