खलनायकाचं तोंड

टँकर उलटा मागे येत होता. कॉमिकवाला रस्त्यात वाकून कागद गोळा करत होता. मी दहा पावलांवर टोपलीपाशी बसले होते. टँकर मला दिसत होता. मी ओरडले नाही.

लोक सांगतात, त्यानं मला ढकलून वाचवलं. खोटं आहे. तो कॉमिकमधले वीर काढायचा, स्वतः झुरळाला भ्यायचा.

नालासोपाऱ्याच्या बाजारात तुम्हीही त्याला पाहिलं असेल. बोटांना शाई, खिशात खोडरबर. सुके बोंबील घ्यायला माझ्याकडे यायचा आणि तासभर बसायचा. कळंबहून टोपली घेऊन येणाऱ्या मला त्यानं नायिका केलं होतं. तिनं हात वर केला की खाडी उठायची. मला आवडलं.

"ताकद कोणीही देईल, मावशी," हे त्याचं नेहमीचं. "हिला भीती कशाची, ते सांगा."

"कोनाच्या बापाची नाय."

"मग ती पहिल्याच पानावर जिंकेल. उरलेल्या पानांत तुम्ही बोंबील बांधा."

खलनायक होता आमच्या गावच्या विहिरी उपसून पाणी विकणारा टँकरचा मालक. पण हा प्रत्येक चित्रात त्याची पाठच काढायचा.

"तोंड दे त्याला."

"मावशी, मला इथेच राहायचंय."

त्या दिवशी माझं डोकं फिरलं. "तुझी बाई खाडी उठवते आनि तू पाठी काढत बस, भित्र्या!" म्हणत मी त्याची पानं रस्त्यावर भिरकावली. तो वेचायला गेला. त्याच मालकाचा टँकर, मागे बघायला क्लीनर नाही. म्हटलं, घाबरू दे जरा.

नंतर मालकाचा माणूस आला. "अपघात होता. तुम्ही काही पाहिलं नाही."

"सगळं बघितलं. जाऊन सांग त्याला."

पोलिसांनाही तेच सांगितलं. टँकर पुन्हा फिरू लागला.

कॉमिकवाल्याच्या बायकोला मी खरं सांगितलं, पानं कोणी फेकली तेही. दुसऱ्या दिवशी ती आली, त्याची पानं माझ्यापुढे ठेवली आणि गेली.

नाक्यावर मालकाच्या वाढदिवसाचा बॅनर होता. मासे कापायच्या कोयत्यानं मी त्याचं तोंड कापून आणलं. झेरॉक्सवाल्यानं ते लहान करून दिलं. शेवटच्या पानावर पाठीच्या जागी चिकटवलं. नायिकेच्या तोंडापाशी संवादाची जागा कोरी होती. तिथे चौथीपर्यंत शिकलेल्या अक्षरात मी लिहिलं, "टँकर दिसत होता. मी ओरडले नाही." हिला भीती कशाची, ते त्यानं विचारलं होतं ना.

त्या पानाच्या गठ्ठाभर प्रती काढल्या. तेव्हापासून माझे बोंबील त्यातच बांधले जातात.

मालक स्वतः आला. "म्हातारे, हे काय?"

"तुझं तोंड. त्याला काढायला जमत नव्हतं. बोंबील घेतोस? त्यातच बांधून देते."

तो बाजारातून चालत गेला तेव्हा सगळ्या कोळणींनी मान वर करून ते तोंड नीट बघून घेतलं.

टँकरखाली कॉमिकवाला गेला. मालक जिवंत आहे. मी वाचले.