आम्ही वेग कमी केला

ऐंशीच्या दशकात आम्ही अमेरिकेत, तळ्याकाठच्या ईडन प्रेरीला राहत होतो, तेव्हा ह्यांनी एक सेकंडहँड मोटरबोट घेतली. ड्राइव्हवेमध्येच तिला हळदकुंकू लावून आम्ही नारळ फोडला. चालवायला मात्र मीच शिकले. ह्यांना स्टिअरिंगपेक्षा चिवड्याचा डबा धरायला जास्त आवडायचं.

तळ्यावरही जातीपाती असतात, हे आम्हाला हळूहळू कळलं. शिडाच्या बोटीवाले म्हणजे शिष्ट. खुर्च्या मांडलेल्या सपाट पाँटून बोटीवाले म्हणजे पेन्शनर, तळ्यात अंगण घेऊन फिरणारे. लहान होडीत गळ टाकून बसणारे मासेवाले म्हणजे सदा कावलेले. आणि आम्ही मोटरबोटवाले सगळ्यांच्या लेखी उडाणटप्पू, नुसता आवाज करून लाटा उठवणारे. एकदा एका मासेवाल्यानं तळवे खाली दाबत मला 'हळू, हळू' अशी खूण केली. काय झोंबलं होतं मला ते! तेव्हापासून मासेवाला दिसला की मी मुद्दाम वेग कमी करायची. आम्ही तसले नाही, हे दाखवायचं होतं ना.

त्या रविवारी दुपारी लांब एका पत्र्याच्या होडीत एक म्हातारा मासेवाला उभा दिसला. दोन्ही हात वर-खाली करत होता. झालं, म्हटलं, अजून जवळसुद्धा गेलो नाही तर ह्याची कुरकुर सुरू. मी वेग अगदी कमी केला, मोठा वळसा घेतला, वर हसून हातही हलवला. त्याचे हात थांबले नाहीत.

हे म्हणाले, "अगं, काहीतरी सांगतोय तो. जाऊ या का जवळ?"

"शिव्या खायला? केला ना वेग कमी? आता काय पाय धरू त्याचे?"

ह्यांनी पुन्हा डबा उघडला आणि मी वेग वाढवून बोट पुढे काढली.

संध्याकाळी धक्क्यावर सगळे कुजबुजत होते. म्हाताऱ्याची बायको होडीत कोसळली होती. तळाशी आडवी होती, म्हणून कुणाला दिसली नाही. त्यात त्याची मोटर सुरू होईना. बऱ्याच वेळानं एका पाँटूनवाल्या जोडप्यानं त्यांना ओढून काठाला आणलं. हॉस्पिटलात पोचेपर्यंत ती गेली होती.

हात बाजूला पसरून सावकाश वर-खाली करणं म्हणजे 'मदत करा'. बोटीच्या वर्गात हे मी शिकले होते, परीक्षेतही लिहिलं होतं. त्याचे तळवे दाबत नव्हते, अख्खे हात खांद्यापासून हलत होते. मी ते पाहिलं होतं हो, नीट पाहिलं होतं. पण मासेवाला म्हणजे कटकट करणारच, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

पुढच्या शनिवारी तो होडी न्यायला धक्क्यावर आला. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. कुंकू लावून बोट चालवणारी बाई त्या तळ्यावर मी एकटीच, त्यामुळे त्यानं मला लगेच ओळखलं. माफी मागायला तोंड उघडलं, पण तोच आधी बोलला. त्याच्या आवाजात राग नव्हता.

"तुम्ही वेग कमी केलात ना," तो म्हणाला, "तेव्हा मी तिला सांगितलं, आले बघ ते."