कोपरा धरून ओढणारी

मी तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती आमच्या वाचनालयाच्या काउंटरवर उभ्या उभ्याच संगणकाशी भांडत होती. शेजारी खुर्ची रिकामी होती, पण बसायचं काही तिला सुचलेलं नव्हतं. पडद्यावरच्या विंडोचा उजवा खालचा कोपरा माउसने धरायचा, बाहेर ओढायचा, आत ढकलायचा, पुन्हा ओढायचा. दुकानात कापड घेण्याआधी बायका ते दोन्ही हातांनी ताणून बघतात ना, तसं. दर खेपेला तोंडाने "च्च" करत होती. शर्टाची एक बाही कोपरापर्यंत सरकवलेली, दुसरी मनगटावर लोंबत होती.

शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी दुपारी वाचनालयात पुस्तकं जागेवर लावायला मदत करतो. मी जवळून जात होतो, तर ओळखदेख नसताना ती मलाच म्हणाली, "सर, बघा तरी! विंडो मोठी केली की आतलं सगळं जिथल्या तिथे, उजवीकडे नुसतं मोकळं मैदान. लहान केली की बटणं गायब. याला काय अर्थ आहे?"

तिच्या गळ्यातलं ओळखपत्र बघून मी विचारलं, "पण हा प्रोग्रॅम तुमच्याच कंपनीचा ना?"

"आमचाच. म्हणून तर जास्त राग येतोय."

आमच्या ग्रंथपालबाईंनी त्याच दुपारी तिचं नाव ताणबाई ठेवलं आणि ते तिने हसत घेतलं. ग्रंथपालबाईंना मात्र ती पहिल्या तासापासूनच मावशी म्हणायला लागली होती.

मावशींची हकिकत आधी सांगायला हवी, कारण ताणबाई आली होती ती त्यांच्याच तक्रारीवरून. सव्वीस वर्षं त्या या काउंटरवर होत्या. अलीकडे त्यांच्या नजरेचा मधला भाग अंधूक होत चालला होता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, चष्म्याने हे जाणार नाही. अक्षरं दुप्पट मोठी असली की मात्र त्या घडाघडा वाचत. जुन्या कार्डांच्या काळात त्यांचं काही अडलं नाही. कुठला खण कुणाचा, हे त्यांच्या बोटांना पाठ होतं. मग नवा प्रोग्रॅम आला. संगणकातली अक्षरं दुप्पट केली की पुस्तकाचं नाव वाचकाच्या नावावर चढायचं आणि "परत घेतले" हे बटण पडद्याच्या खालच्या कडेखाली निघून जायचं. परत आलेली पुस्तकं काउंटरवर साचायची. लोक खोकायचे, घड्याळ बघायचे.

शेवटी वाचनालयाच्या समितीने ठरवलं, येत्या शनिवारी मावशींनी समितीसमोर तासभर देवघेव करून दाखवावी. जमलं तर ठीक. नाही जमलं तर काउंटर दुसऱ्या कुणाकडे आणि मावशी मागच्या बाइंडिंगच्या खोलीत.

"त्या खोलीत पानं सुटलेली पुस्तकं पाठवतात," मावशी म्हणाल्या. "आता मी."

ताणबाईने हे सगळं ऐकून घेतलं आणि साहेबांना, म्हणजे तिच्या कंपनीच्या मालकांना, फोन लावला. तो तिने मुद्दाम मोठ्या आवाजावर ठेवला, त्यामुळे आम्हालाही ऐकू आलं.

"विंडो लॉक करून टाक," साहेब म्हणाले. "ओढताच येणार नाही अशी. आणि अक्षरं नेहमीच्या मापात ठेवायला सांग त्यांना. एका बाईसाठी सगळं नव्याने बांधत बसायचं का?"

"साहेब, आज अक्षरं लहान ठेवा म्हणताय, उद्या डोळे बदलून आणा म्हणाल."

"शहाणपणा नको. लॉक कर आणि ये."

"नाही करणार."

पलीकडून फोन आपटल्याचा आवाज आला. ताणबाईने आपला फोन खिशात टाकला आणि विचारलं, "मावशी, शनिवारला किती दिवस आहेत?"

"चार."

"मग चार दिवस माझी रजा. सर, ते वर्तमानपत्रांचं टेबल अर्धं मला मिळेल?"

मी पेपरांचे गठ्ठे एका बाजूला सारले.

त्या चार दिवसांत मला तिच्या कामातलं थोडंफार कळलं. पडद्यावरच्या प्रत्येक वस्तूला, म्हणजे बटण, यादी, नाव लिहायची चौकट यांना, ती विजेट म्हणायची. आधीच्या कुणा प्रोग्रॅमरने हे प्रत्येक विजेट ठिपके मोजून हाताने बसवलं होतं, तेही आपल्या टेबलावरच्या ऐसपैस पडद्यावर. तिथे ते झकास दिसलं असणार. वर्गाच्या फोटोसाठी मुलांना खडूने खुणा करून उभं करावं आणि ऐनवेळी दुसऱ्या तुकडीची मुलं आत घुसावीत, तसं झालं होतं, असं मी म्हटलं. तिला ते पटलं. "आता खुणा पुसायच्या," ती म्हणाली. "कुणी कुणाशेजारी उभं राहायचं आणि गर्दी झाली की कुणी सरकायचं, एवढंच सांगायचं. जागा त्यांची ते शोधतील."

पण पहिल्या फटक्यात तिनेही घोळ घातलाच. रागाच्या भरात तिने सगळ्याच विजेटांना मोठं व्हायची सारखी मुभा दिली. विंडो ताणली तर "परत घेतले" बटण दाराच्या फळीएवढं झालं आणि पुस्तकांच्या यादीत जेमतेम दोन ओळी उरल्या.

"अगं पोरी, हे बटण दाबायचं की त्यावर झोपायचं?" मावशींनी विचारलं.

ताणबाई कपाळावर हात मारून हसली. "सगळ्यांना सारखं देऊन बसले, मावशी. भूक फक्त यादीला असते." मग तिने वाढीव जागा सगळी यादीला दिली. बटणाला त्याच्या अक्षरांपुरती उंची ठेवली आणि दोन बटणांच्या मध्ये एक न दिसणारं रिकामं विजेट बसवलं. उरलीसुरली जागा गिळायची एवढंच त्याचं काम. दिसत नसल्यामुळे त्याची आठवण कुणाला येत नाही, हे तिने मला दोनदा सांगितलं.

गुरुवारी संध्याकाळी सगळं नीट चाललं. अक्षरं दुप्पट करा, तिप्पट करा, बटण जागेवर. ताणबाई खुशीत होती. मावशींनी मात्र खुर्ची पडद्याजवळ ओढली. मग म्हणाल्या, "तू तपासायला कुठली पुस्तकं घेतलीस?"

"आहेत की. दहा-बारा नावं घातलीत."

"वाचून दाखव."

तिने दाखवली. सगळी दोन-तीन शब्दांची, सुटसुटीत.

"वाटलंच मला. आमच्या तिसऱ्या कपाटात एक अहवाल आहे. त्याचं नाव टाक." आणि मावशींनी डोळे मिटून तोंडपाठ सांगितलं, "डोंगराळ भागातील अल्पभूधारक कुटुंबांच्या शेळीपालनाची सद्यस्थिती, अडचणी व उपाययोजना यांविषयी नेमलेल्या उपसमितीचा अंतरिम अहवाल, परिशिष्टांसह."

ताणबाईने नाव टाकलं. विंडो भसकन रुंद झाली आणि उजवी बाजू, बटणासकट, पडद्याबाहेर गेली. नावाच्या पट्टीने हट्टच धरला होता की मला पूर्ण एका ओळीत दाखवा, आणि सगळ्या विंडोला तिच्यामागे फरपटत जावं लागलं.

"शनिवारी कुणी ते मागितलं असतं तर?" मी विचारलं.

"मागतात," मावशी म्हणाल्या. "दर महिन्याला एक तरी."

शुक्रवारचा अख्खा दिवस त्या पट्टीला ओळ मोडायला शिकवण्यात गेला. मावशी आठवून आठवून लांबलचक नावं सांगत होत्या, ताणबाई ती टाकत होती आणि विंडो जागची हलली नाही की दोघी एकमेकींकडे बघत होत्या.

शनिवारी समितीचे तिघे आले. अध्यक्ष म्हणजे औषधांचं दुकान चालवून थकलेले सद्‌गृहस्थ, फार वाईट नव्हेत. त्यांच्या मागोमाग साहेबही आले. जुनीच विंडो लॉक करून, खिशातल्या पेन ड्राइव्हमध्ये घेऊनच आले होते.

"आमच्या प्रोग्रॅममध्ये दोष नाही," साहेबांनी अध्यक्षांना सांगितलं. "वापरणाऱ्याला नीट दिसायला हवं, एवढंच. आत्ता पाच मिनिटांत जुनंच परत बसवून देतो."

ताणबाई टेबलावरून उठली. आवाज अजिबात चढवला नाही तिने. "बसवायचं कशाला? जुनं इथे आहेच. साहेब, बसा ना तुम्ही या खुर्चीत." तिने जुनी विंडो उघडली, अक्षरं दुप्पट केली आणि एक पुस्तक त्यांच्यासमोर ठेवलं. "हे परत घ्या."

साहेबांनी माउस फिरवला. वर गेले, खाली गेले. चष्मा पुसला. रांगेतल्या एका वाचकाने "घाई नाही हो" म्हटलं तेव्हा लोक हसले.

"बटण कुठं गेलं याचं?" साहेब शेवटी म्हणाले.

"हेच मावशी दोन महिने विचारतायत," ताणबाई म्हणाली. "तुमचे डोळे तर चांगले आहेत ना?"

मग खुर्चीत मावशी बसल्या आणि नवी विंडो उघडली. तासाभरात त्यांनी एकेचाळीस पुस्तकांची देवघेव केली. एका गृहस्थाला "तीन आठवडे उशीर, आणि मागच्या वेळीही हेच" म्हणून झाडलंसुद्धा. अध्यक्षांनी स्वतः पुढे होऊन कोपरा धरला. विंडो मोठी केली, लहान केली. एका मापाला ती थांबली.

"याहून लहान होत नाही वाटतं?"

"होऊ देणार नाही मी," ताणबाई म्हणाली. "याखाली बटण चेपतं."

अध्यक्षांनी काउंटर मावशींकडेच ठेवल्याचं तिथेच सांगितलं, आणि हीच विंडो कायम राहील असं साहेबांकडून कागदावर लिहून घेतलं. साहेबांनी सही केली. जाताना दारात थांबून तिला म्हणाले, "सोमवारी यायची गरज नाही."

"मंगळवारीही येणार नव्हते," ती म्हणाली.

मावशींना रडूच फुटलं. "माझ्यापायी गं तुझी नोकरी गेली."

"तुमच्यापायी कशी? लॉक कर म्हणाले ते, नाही म्हणाले मी. यात तुम्ही कुठे आलात?" असं म्हणून तिने दुसरी बाही वर सरकवली आणि माझे पेपर पुन्हा टेबलावर मांडायला लागली. चुकीच्या क्रमाने मांडले, पण मी ते तसेच राहू दिले.

कंपनीने पुढे तीच विंडो "सुधारित आवृत्ती" म्हणून आणखी वाचनालयांना विकली. मी संतापून तिला सांगितलं, तर म्हणाली, "विकू देत. तिथल्या मावश्यांना बटण तरी सापडेल."

या गोष्टीला सहा वर्षं झाली. मावशी दोन वर्षांपूर्वी रीतसर निवृत्त झाल्या, काउंटरवरूनच. ताणबाईने पुन्हा नोकरी धरली नाही. लहानसहान दवाखाने, शाळांची कार्यालयं यांच्यासाठी ती एकटी प्रोग्रॅम लिहिते. कुणी विंडो लॉक करून मागितली तर काम सोडते. गेल्या वर्षी अशी तीन कामं सोडली, आणि ते सांगताना तिच्या चेहऱ्यावर पश्चात्तापाचा मागमूस नव्हता. सध्या एका दंतवैद्याचं काम चालू आहे. थोरल्या बहिणीच्या घरी, जेवणाच्या टेबलावर, सकाळी दहा ते एक ती बसते. एक वाजता टेबल मोकळं करून द्यावं लागतं.