ओल्या स्लॅबवरची खाट

माझ्या दाजींनी मला मदत केली, हे आधी सांगून ठेवतो. काय झालं ते नंतर सांगीन, कारण सांगता सांगता मी भरकटतो आणि ज्याचे उपकार त्याचंच नाव राहून जातं, ही माझी जुनी धास्ती आहे. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, ताईचे यजमान. देवगाव फाट्यावर त्यांचं हार्डवेअर आणि रंगाचं दुकान आहे, आणि उभ्या परभणी जिल्ह्यात म्हैस अक्षरांत बांधून मोबाइलवर पाठवणारा माणूस त्यांच्यावाचून दुसरा निघायचा नाही. नुसतं वर्णन नव्हे. शिंगापासून शेपटापर्यंत, पोटातल्या वैरणीसकट अख्खी म्हैस.

याला कारण झाला भाचीच्या मोबाइलमधला खेळ. त्यात रंगीत ठोकळ्यांवर ठोकळे रचून घरं, झाडं, डोंगर उभे करतात. दाजींनी तो दुकानात गिऱ्हाईक नसताना एक दुपारभर पाहिला आणि संध्याकाळी ताईला जाहीर केलं, की जगात जे काही आहे ते ठोकळ्यांचं आहे, ठोकळ्याला रंग आहे, आणि रंगाला अक्षर द्यायला आपण आहोत. ताई म्हणाली, "आधी पोरीला फोन द्या तिचा." पण दाजींचं ठरलं होतं. रंगाच्या डब्यांचं शेडकार्ड पुढ्यात घेऊन त्यांनी अक्षरं वाटली. लाल तो ल, निळा तो न, हिरवा तो ह, काळा तो क. पिवळ्यानं प आधीच बळकावल्यामुळे पांढऱ्याच्या वाट्याला ढ आला. रिकाम्या जागेला टिंब. एक अक्षर म्हणजे एक ठोकळा, ओळीखाली ओळ लिहीत गेलं की झाला एक थर, आणि थर संपल्यावर आडवी रेघ मारून त्याच्या डोक्यावरचा थर लिहायचा. सुरुवात नेहमी तळापासून. मी पहिल्यांदा चुकून कागद वाचतात तसं वरून खाली रचत गेलो, तर दाजींनी धाडलेली शेळी पाठीवर उताणी पडून पाय आभाळाकडे करून बसली. दाजींना कळवलं तेव्हा म्हणाले, "पाव्हणं, तुमच्या वालूर गावात आधी पत्रे टाकून मग पाया खांदतेत का?"

मी नववीत शाळा सोडलेली. वर्गात माझी ओळखच ढ अशी होती. दाजींच्या लिपीत ढ म्हणजे पांढरीशुभ्र भिंत, हे कळल्यावर मला त्या अक्षराविषयी इतक्या वर्षांनी जरा बरं वाटलं.

फोटोशी मात्र दाजींचं हाडवैर. मी इकडे गुजरातेत टाइल्सच्या कारखान्यात पॅकिंगला लागल्यापासून ताईला म्हणायचो, घरचे फोटो धाड. दाजी मधेच फोन ओढून घेत. "फोटो लय लबाड असतोय. तोंड दाखवतो अन् पाठ लपवतो. कपाटाचा फोटो बघून कपाटात काय हाय ते सांग बरं." त्यांच्या मजकुरात कपाटाची पाठही असते आणि आतल्या साड्याही. एकदा ताईनं दुकानात फोन करून विचारलं, साखरेचा डबा कुठं ठेवलात? दाजींनी उत्तरादाखल स्वयंपाकघराची भिंत फळ्यांसकट लिहून पाठवली. "अहो, वरच्या फळीवर हाय म्हणा की!" ताई ओरडली. दाजी शांतपणे म्हणाले, "वरच्या फळीवर तर म्हणतोच, पण कशाच्या मागं ते कसं सांगू?" परभणीच्या एका व्यापाऱ्याला त्यांनी हवी तशी तोटी अशीच लिहून धाडली. त्याचा घाबरून फोन आला, "शेठ, तुमचा मोबाइल कुणी चोरलाय का?"

गोल वस्तूंपुढे मात्र दाजींची विद्या हात टेकते. त्यांची भाकरी चौकोनी, चंद्र चौकोनी, आणि माझ्या वाढदिवसाला आलेली जिलबी पाहून तर मी विचारलं, हे कुठलं गटार आहे? ते रागावले नाहीत. "लय जवळून बघायलास तू," म्हणाले. "जरा लांब सरक. लांबून समदं गोल दिसतंय." येलदरीचं धरण त्यांनी पाठवलं तेव्हा माझा फोन न-न-न करीत सकाळभर थरथरत राहिला. वरचा पाण्याचा एक थर लिहिला असता तर भागलं असतं, आतलं पाणी कुणाला दिसणार? असं मी भीत भीत सुचवलं. दाजींना ते फार लागलं. "आत पाणी न्हाई तर धरण कशाचं? आतून पोकळ ठिवायची आपली रीत न्हाई."

आता मूळ गोष्ट. वालूरचं आमचं पत्र्याचं घर पाडून पक्कं घर बांधायला काढलं, कारण धाकट्या भावाचं लग्न ठरलं होतं. सिमेंट-सळईपासून सगळी देखरेख दाजींकडे. मला सुट्टी मिळेना. खरं सांगायचं तर एक धास्ती मनात घर करून होती, की नवीन घरात माझी जागा धरली आहे की नाही. मी थोरला, पण कधीचा बाहेर. पाहुण्यासारखा येतो आणि बॅग सोडायच्या आत परत निघतो. हे कुणाला विचारणार? आईला विचारावं तर ती रडणार, भावाला विचारावं तर त्याला वाटणार, वाटणी मागतोय.

दाजी म्हणाले, "तू कशाला येतूस? घरच तुझ्याकडं धाडतो." आणि जसजसं बांधकाम चढत गेलं, तसतसे थर येऊ लागले. वर 'जय भीम', खाली पाया. मग जोतं, मग भिंती. मी कारखान्यातल्या वाया गेलेल्या थर्माकोलचे ठोकळे ब्लेडनं कापून, स्केचपेननं रंगवून, सुट्टीच्या दिवशी खोलीत रचत असे. माणसाची खूण म्हणून दाजी ज्याच्या त्याच्या रंगाची खाट टाकत. आईची हिरवी, भावाची लाल. माझा रंग निळा, कारण ताईच्या लग्नात मी तीन दिवस एकच निळा सदरा घातला होता आणि ते दाजी अजून विसरलेले नाहीत. मी निळे ठोकळे सगळ्यांत आधी रंगवून, वाळवून, बाजूला मांडून ठेवले होते. मग खाटांचा थर आला:

ढढढढढढढढढ
ढहह.ढ.ललढ
ढ...ढ...ढ
ढ.......ढ
ढढढ.ढढढढढ

डावीकडे आई, उजवीकडे भाऊ, खाली दार. न कुठेच नाही. मी पुन्हा वाचलं, ओळी बोटानं धरून वाचल्या, रचलेलं घर मोडून परत रचलं. माझ्या खोलीत राहणारा बिहारचा सोबती बराच वेळ बघत होता. म्हणाला, "भैया, ये दो नीले बच गये." मी म्हटलं, जास्तीचे कापले गेले. पुढच्या थरांत खिडक्या आल्या, मग एक दिवस पांढऱ्या ठोकळ्यांचा सलग पत्रा आला, म्हणजे स्लॅब टाकून झाला. घरावर झाकण बसलं आणि त्यानंतर दाजींकडून काही येईना. अगदी जिलबीसुद्धा.

ते दिवस कसे गेले ते लिहीत नाही. पॅकिंगमध्ये दोनदा उलटी लेबलं लावली, एवढं पुरे. एकदा ताईला फोन करून इकडचं तिकडचं विचारलं. ती वैतागली होती. "तुझे दाजी रोज सकाळ-संध्याकाळ फाट्यावरून वालूरला जाऊन स्लॅबवर पाणी मारायलेत. दुकान उघडं टाकून! आजारी माणसाला जपावं तसं." शेवटी सुट्टीच्या दिवशी दुपारी मी धीर करून दाजींनाच फोन लावला. म्हटलं, "दाजी, घर पूर्ण झालं म्हणायचं का?"

"कसं होईल? अजून वरचा थर ऱ्हायला की."

"मग धाडा ना. नकाशा तर कवाच ठरलाय. लिहायला काय लागतंय?"

"पाव्हणं, डोकं हाय का जाग्यावर?" दाजी खरोखर चिडले. "स्लॅब ओला हाय. ओल्या स्लॅबवर खाट ठेवतेत का कुणी?"

मी विचारलं, "कुणाची खाट?"

"माझी न्हाई. तुझीच की! गच्चीवरची खोली तुझी, म्हणून तर भायेरून जिना काढला. तुझी आई म्हणली, थोरल्याला वाऱ्याची जागा द्या, तिकडं भट्टीपाशी भाजून निघायलाय लेकरू." मग म्हणाले, "का रे, तुला काय वाटलं?"

मी म्हटलं, काही नाही, सहज विचारलं. दाजी "बरं" म्हणाले आणि पाण्याची नळी बदलायची म्हणून फोन ठेवला. त्यांना माझी धास्ती कळली की नाही, मला आजही सांगता येत नाही. पण लगेच लिहून टाकतो असं काही ते म्हणाले नाहीत. स्लॅब पाणी पिऊन पुरता पक्का होईस्तोवर त्यांनी माझी खाट हातात धरून ठेवली, आणि मगच एका सकाळी शेवटचा थर आला:

ढढढढढ....
ढनन.ढ....
ढ...ढ....
ढ...ढ....
ढढ.ढढ....

उजवीकडची टिंबं म्हणजे मोकळी गच्ची. मी राहिलेले दोन निळे ठोकळे जागेवर बसवले. सोबती म्हणाला, "अब हुआ," आणि चहा टाकायला गेला. ते घर अजून माझ्या खोलीच्या खिडकीत आहे, धुळीनं ढ चे क व्हायला लागलेत. खऱ्या खोलीत मी अद्याप एकही दिवस राहिलेलो नाही. आई सांगते, तिथं सध्या सोयाबीनची पोती ठेवलीत, तू निघालास की काढू. निळा रंग मात्र दाजींनी आतून स्वतः दिलाय म्हणे. फोटो नाहीच.

दाजी, ही परतफेड मी एक दिवस करणार. सगळा देवगाव फाटा तुम्हाला लिहून पाठवीन. तुमचं दुकान, रंगाच्या प्रत्येक डब्यात त्याचा रंग, स्टुलावर बसलेले तुम्ही, आणि तुम्हाला न जमलेली एक गोल भाकरी. आतून काही पोकळ ठेवणार नाही. पाया लिहून झाला आहे. पुढचं इतक्यात धाडलं तर तुम्हीच म्हणाल, वाळू दे जरा.