अर्ध्या गाडीचा फरक

परवानगीशिवाय श्वास घ्यायलाही बिचकेल असा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो दहिसरला माझ्या भिंतीपलीकडे राहत होता. महसूल खात्यात जन्मभर कारकुनी केलेले हे माझे शेजारी निवृत्तीनंतर रोज सकाळी नदीवर फिरायला जात. फिरायला म्हणजे काठावरचे खड्डे पाहायला. काल नसलेला खड्डा आज दिसला की वाळूच्या गाडीवानाला गाठत. “नदी काय कोणाच्या बापाची हाय?” एकाने ऐकवले. “नाही ना? म्हणून तर परवाना लागतो,” हे शांतपणे म्हणाले. हरतालिकेच्या पिंडीसाठी बायका ओंजळभर वाळू न्यायच्या, तेव्हाही हे काठावर उभे. “उद्या विसर्जनाला सगळी परत येऊ द्या हं!” त्यांच्या पत्नी म्हणत, “हो, मोजून आणते.”

चाळीतल्या कोंदट खोलीत या वहिनींची छाती भरायची, दम लागायचा. डॉक्टरांनी मोकळ्या हवेत राहायला सांगितले होते, म्हणून जवळच दोन खोल्यांचे घर बांधायला काढले. जोते झाले, विटा येऊन पडल्या, राहिली वाळू. इतर लोक गाड्या गुपचूप आणत. यांनी चौदा गाड्यांसाठी अर्ज केला आणि त्याची नक्कल कौतुकाने मला दाखवली. आकडा दिसला की तपासायचा, ही माझी खोड. भिंतींच्या मापातून दारे-खिडक्या वजा करायच्या राहिल्या होत्या. “साडेतेराच होतात,” मी म्हणालो. दुसऱ्या दिवशी यांनी कचेरीत जाऊन अर्ज मागे घेतला आणि दुरुस्त करून नव्याने दिला. नंबर अर्थातच शेवटचा.

“अहो, अर्धी गाडी कमी आणली असती. कोण विचारणार होतं?” मी म्हणालो.

“मी विचारलं असतं.”

वहिनी खोकता खोकता हसल्या. “भावजी, यांचं मी चालवून घेते. तुम्ही तरी कशाला चूक काढलीत?”

ज्यांचे अर्ज यांच्या पहिल्या अर्जाबरोबरचे होते, त्यांना दिवाळीत परवाने मिळाले. यांचा चैत्रात आला. वहिनी माघात गेल्या होत्या.

आठवड्याने ते एक कागद घेऊन आले. परवाना परत करण्याचा अर्ज होता. ‘ज्या कामासाठी वाळू मागितली, ते काम आता करावयाचे नाही.’ म्हणाले, “एकदा तपासून द्या.” मी तीनदा वाचला. कुठेच काही चुकले नव्हते.

“तेव्हा मी बोलायला नको होतं,” मी म्हणालो.

“चूक होतीच हो,” ते म्हणाले, आणि त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.