अमोलच्या हाताला गुण आहे

क्लिनिकमध्ये काम करणाऱ्याकडे किस्से साठत जातात, त्याला इलाज नाही. टेबलावर पालथा पडलेला माणूस आपोआप बोलायला लागतो. तोंड खाली, समोर नुसती फरशी, ऐकणाऱ्याचा चेहरा दिसत नाही. मग घरचं, दारचं, सासरचं सगळं बाहेर येतं. मी खेळाडूंच्या दुखापती बघणाऱ्या क्लिनिकमध्ये ट्रेनर आहे. जालन्यात, पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही. गुडघे दुखणारी माणसं जिना चढून येतात आणि वर पोचली की सांगतात, "आता जास्तच दुखून राह्यलं."

माझ्याकडचे निम्मे किस्से अमोलचे आहेत. अमोल म्हणजे आमच्याकडचा दुसरा ट्रेनर, माझ्या मागून आलेला. आधीच सांगून टाकतो, हे किस्से मी जळून सांगतोय. अमोल चांगला माणूस आहे. तोच तर त्रास आहे.

यंदा त्यात भर पडली. जिल्ह्याचा पोरांचा कबड्डी संघ राज्य स्पर्धेला निघाला आणि आमच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, सोबत आपला ट्रेनर जाईल, पण एकच. मी कॉलेजात असताना याच संघात निवडला गेलो होतो. त्याच आठवड्यात गुडघा गेला आणि राज्य स्पर्धा राहिली ती राहिलीच. त्यामुळे मला जायचं होतं, अगदी काहीही करून जायचं होतं. अमोलला विचारलं तर म्हणतो, "कुणीपण जाऊ द्या सर, पोरं जिंकली म्हणजे झालं." असल्या माणसाशी भांडायचं तरी कसं?

*

परतूरला माझ्या चुलत भावाचं लग्न होतं. अमोलला सोबत घेऊन गेलो. जेवणाच्या पंगतीत काकांनी आमची पाहुण्यांशी ओळख करून दिली.

"हा आमचा नितीन, मालिश करतो. अन् हे अमोल सर, जालन्याच्या मोठ्या दवाखान्यात असतात."

मी म्हटलं, "काका, आम्ही दोघं एकच काम करतो."

"मालूम आहे ना," काका म्हणाले. "चांगल्या माणसासोबत राह्यलास तर शिकशील."

अमोलच्या पानात त्यांनी आणखी एक जिलेबी वाढली. मला विचारलंही नाही.

*

भोकरदनकडचा एक पैलवान खांदा घेऊन आला होता. हात डोक्याच्या वर जात नव्हता. मी त्याच्याकडून रबरी पट्ट्यांचा व्यायाम करून घेतला, रोज. तो ओरडायचा, मी मोजायचो. हळूहळू हात वर जायला लागला. शेवटच्या दिवशी मला सुट्टी घ्यावी लागली, म्हणून अमोलनं त्याचा खांदा बघितला. बघितला म्हणजे हात ठेवला आणि "मस्त झालाय की" म्हणाला. एवढंच.

पुढच्या आठवड्यात पैलवान राजूरच्या गणपतीला जाऊन आला आणि पेढ्याचा बॉक्स घेऊन थेट अमोलकडे गेला. "सर, तुमच्या हाताला गुण हाय. तुम्ही हात लावला अन् दुसऱ्या दिवशी खांदा मोकळा."

मी शेजारच्याच टेबलावर होतो. म्हटलं, "आणि मी इतके दिवस काय करत होतो?"

पैलवानानं जरा विचार केला. "तुम्ही दुखवून राह्यले होते."

म्हणजे अर्धं श्रेय राजूरच्या गणपतीला आणि अर्धं अमोलला. गणपतीचं मला काही वाटलं नाही.

*

माझी आई खांदा दुखतो म्हणून परतूरहून रेल्वेनं आली. मी स्वतः तिला टेबलावर बसवलं, शेक दिला, हात धरून व्यायाम सुरू केला. ती इकडेतिकडे बघायला लागली.

"तो दुसरा पोरगा कुठंय रे?"

"आई, मी शिकलोय हे. डिग्री आहे माझी."

"आहे ना बाबा. पण तुझा हात जड आहे. लहानपणी माझे केस पण असाच ओढायचास."

अमोल आला. त्यानं तिचा खांदा धरला आणि "मावशी, प्रवास कसा झाला?" एवढं विचारलं. आई सांगता सांगता झोपली. माझ्या टेबलावर आजवर कुणी झोपलेलं नाही. जाताना तिनं धपाट्यांचा डबा काढला आणि त्याच्या हातात दिला. "पोराला घरचं कुठं मिळत असंल," म्हणाली. मी पण जालन्यात खोली करूनच राहतो, हे तिच्या ध्यानातच नव्हतं.

*

दुखऱ्या स्नायूला आधार म्हणून आम्ही चिकटपट्टी लावतो. मी अंगाच्या रंगाची वापरतो. अमोलनं निळी मागवली. झालं. कबड्डीच्या पोरांना ती निळी पट्टी इतकी आवडली, की काही दुखत नसताना दंडावर लावून मागायला लागली. फोटोत चांगली दिसते म्हणे.

पिंपळगाव रेणुकाईच्या स्पर्धेला ही पोरं गेली तेव्हा अमोल सोबत नव्हता. त्यांनी बाजारातून वायरवर गुंडाळायची निळी टेप घेतली आणि सगळ्या संघानं दंडाला, पोटरीला, जिथं जागा मिळेल तिथं गुंडाळली. उन्हानं ती चांगलीच चिकटली. दुसऱ्या दिवशी रांगेनं क्लिनिकमध्ये हजर. अमोल मोकळा बसला होता. तरी सगळी माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

मला बरं वाटलं. म्हटलं, शेवटी कळलं पोरांना. संघाचा कॅप्टन सागर म्हणाला, "अमोल सरांना आमचं दुखलेलं बघवत न्हाई, सर. म्हणून तुमच्याकडं आलो."

मग मी काढली. हळूहळू काढलं तर जास्त दुखतं, म्हणून एका झटक्यात. टेप आली, सोबत केसही आले. खालच्या दुकानातला माणूस जिना चढून बघायला आला, वर काय चाललंय म्हणून.

*

राज्य स्पर्धेला कोण जाणार हे मॅडमनी संघाच्या कोचवर सोपवलं. पवार सर क्लिनिकमध्ये आले. मी पोरांच्या दुखापतींची सगळी माहिती तोंडपाठ करून बसलो होतो. त्यांनी काही विचारलंच नाही. सरळ म्हणाले, "नितीन सर, तुम्ही चला."

मला भरून आलं. मी म्हटलं, "सर, तुम्ही माझं काम बघितलंत, याचं..."

"काम कुठं बघितलं?" पवार सर म्हणाले. "अमोल सर असले की पोरं उगीच लोळतात. जरा लागलं की पडून राहतात, सर येऊन पाय चोळतील म्हणून. तुम्ही असले की कुणी पडत न्हाई."

हे ऐकून नकार द्यायला हवा होता. मी बॅग भरली.

स्पर्धेत तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात आम्ही मागे होतो. सागर चढाईला गेला आणि परतताना पाय धरून मॅटवर पडला. मी बर्फाचा डबा घेऊन उठलो. दोन पावलं टाकली असतील, सागरनं मान वळवून बघितलं, कोण येतंय ते. आणि उठला. नुसता उठला नाही, पुढच्या चढाईत दोन गडी मारून आला.

पवार सरांनी ते बघितलं. त्यानंतर आमचा एखादा गडी ढिला पडला, कमरेवर हात ठेवून वाकला, की ते माझ्याकडे न बघता म्हणायचे, "नितीन सर, उभे राहा जरा." मी डबा घेऊन उभा राहायचो. गडी सरळ व्हायचा. सामना संपेपर्यंत मी उठबस करत होतो. आम्ही जिंकलो.

पदकं गळ्यात पडल्यावर पोरांनी आधी अमोलला व्हिडिओ कॉल लावला. फोन उंच धरायला मला दिला, सगळे फ्रेममध्ये यावेत म्हणून. सागर रडत होता. "सर, तुमची लय आठवण आल्ती." अमोलचेही डोळे भरले. मी हात वर करून उभा होतो. माझी आठवण यावी इतका मी लांबही नव्हतो.

मग अमोल म्हणाला, "नितीन सरांना द्या जरा."

मी फोन घेऊन बाजूला गेलो.

"सर, एकपण पोरगा बाहेर बसला न्हाई?" त्यानं विचारलं. "मी जिल्ह्याच्या स्पर्धेला गेल्तो तवा दर सामन्यात कुणी ना कुणी बसलेलं होतं. तुम्ही नेमकं करता तरी काय?"

त्याच्या आवाजात जे होतं ते मी बराबर ओळखलं. इतकी वर्षं ते माझ्याच पोटात होतं.

"काही नाही रे," मी म्हणालो. "मी नुसता उभा राहतो."



"सांगायचं नसंल तर राहू द्या, सर," अमोल म्हणाला.