मुराळी मीच गेलो

गावदेवीवर मी कितीतरी वर्षं रुसलो होतो, हे आधी सांगून टाकतो. टोकावड्याला रस्त्याकडेला माझा छोटा ढाबा. नव्वदच्या दशकातली गोष्ट. वैशाखऱ्याच्या पुढे एका वळणावर लग्नाहून परतणारी जीप खाली गेली. कळताच ढाब्यावरचे आम्ही हातातलं टाकून धावलो. नवरी पत्र्याखाली अडकली होती, फक्त तिचा हिरव्या चुड्याचा हात बाहेर होता. तो मी धरून ठेवला आणि देवीला हाका मारत राहिलो. बांगड्या वाजत होत्या तोवर ती आहे हे कळत होतं. मग त्या थांबल्या. देवी माझ्या हाकेला आली नाही, एवढंच मी मनात धरून बसलो.

त्यानंतर कुठेही काकणं वाजली की छातीत धडधड व्हायची, हातातला चहा सांडायचा, गिऱ्हाईक सोडून मी मागच्या शेतात जाऊन उभा राहायचो. घरच्यांना वाटलं, नवरी माझ्या मागे लागली. भगत आला. दर अवसेला माझ्यासमोर हिरव्या बांगड्यांची ओटी मांडून नदीत सोडायची, आणि तिच्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही, असं त्याने बजावलं. माझं वाईट कोणी चिंतलं नव्हतं. पण ज्याने जीव घाबरा व्हायचा तेच दर महिन्याला समोर यायचं, आणि तोंड मात्र शिवलेलं.

अशातच माझ्या लेकीचं, सुनंदाचं, लग्न झालं. भातसानगरला दिली, जावई धरणावर कामाला. चुडा भरून लेक पाया पडायला आली, तेव्हा बाप मांडवामागे जाऊन बसलेला. दिवाळीला लेकीला माहेरी आणायला बापाने नाहीतर भावाने मुराळी म्हणून जायचं, ही आमची रीत. मी दरवर्षी पुतण्याला पाठवायचो. ती यायची, दोन दिवस राहून जायची. मी तिच्याकडे धड बघायचोही नाही. तिला माझा राग आला असणार, असं धरून चाललो.

शेवटी जावयानेच मला शहापूरला एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. "बाबा, तुम्हाला कोणी झपाटलेलं नाही," त्या म्हणाल्या. "मनाला जखम झालीय. तो अपघात तुमच्या मनात अजून चालूच आहे. थोडं थोडं सांगा, मी इथेच बसते." मी पाऊसपाण्याच्या गप्पा मारून उठलो. पुढच्या खेपेला तर मुरबाडच्या स्टँडवरूनच परत फिरायचं ठरवून निघालो. बसमधून उतरलो आणि मागून आवाज आला, "बाबा, जरा हात द्या ना. पायरी उंच हाय."

दिवस भरत आलेली बाई, मनगटभर हिरव्या बांगड्या. जवळ दुसरं कोणी नव्हतं. मला घाम फुटला, पण हात पुढे गेला. तिने तो घट्ट धरला, बांगड्या वाजल्या, आणि ती सुखरूप खाली उतरली. "देवी तुमचं बरं करो," म्हणाली आणि निघून गेली. ती कोण, मला ठाऊक नाही. मी शहापूरची गाडी पकडली. त्या दिवशी पहिल्यांदा सगळं सांगितलं आणि ओक्साबोक्शी रडलो.

पुढे कित्येक खेपा तेच सांगत राहिलो. मग बाईंनी टेबलावर हिरव्या बांगड्या ठेवल्या. भगतानेही त्याच ठेवल्या होत्या. पण बाईंनी त्या बघत बोलायला सांगितलं. हळूहळू धडधड येऊन ओसरायला लागली. पुरती गेली, असं म्हणणार नाही.

त्या दिवाळीला न कळवता मुराळी मीच गेलो. सुनंदा मोरीवर पाठमोरी बसलेली, मनगटांना साबण लावून एकेक बांगडी काढत होती.

"अगो, सणासुदीला हे काय करतेस?"

ती दचकली. "माहेरी निघाले की काढते, बाबा. लग्नापासनं. तुमाला तरास होतो ना."

"सासू काय बोलत नाय?"

"बोलतात. म्हणून तर दोनच दिस धाडतात."

इतकी वर्षं माझी सवाष्ण लेक माझ्या घरी रित्या हातांनी वावरली, आणि मी तिचे हात पाहिलेच नव्हते. जिवाला फार लागलं ते. तिच्याशेजारी बसलो, साबण धुतला, बांगड्या माझ्या हातांनी चढवल्या. एक चढवताना तडकून वाढली. "राहूदे बाबा, बाकीच्या हायत ना," ती म्हणाली.

गेलेल्या दिवाळ्या परत येणार नाहीत. देवळात आता जातो, मागत काही नाही. त्या वळणावर देवी का आली नाही, हेही विचारत नाही. मुरबाडला त्या बाईने माझा हात मागितला, तो माझ्याकडून दिला गेला, ही देवीचीच कृपा मानतो. भातसानगरहून परतताना बसमध्ये सुनंदा माझ्या शेजारी बसली होती. खड्ड्याखड्ड्याला बांगड्या वाजत होत्या, छाती धडधडत होती. टोकावडं येईपर्यंत मी जागचा उठलो नाही.